गाडीचा विमा आहे, पण घरचा?



अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी सलग टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, याचा आनंदच आहे. पण रस्त्याबरोबर गाडीचा वेगही वाढला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या भागातली आपली पोरं रोज मोटारसायकलवर कामाला जातात आणि अंधार पडल्यावर परततात. समोर बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा कापसाची बैलगाडी असली, तर ती दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत जवळजवळ पंचाहत्तर हजार दुचाकीवरची होती. त्याच वर्षी मेलेल्यांपैकी पन्नास हजारांवर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. कमावता माणूस गेला की त्याची बायको दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते आणि मोठ्या पोराची शाळा सुटते. दोन पिढ्यांनी कष्टाने चढलेली पायरी एका रात्रीत खाली येते.

"आमच्या गाडीचा विमा आहे ना!" असे पुष्कळजण म्हणतात. पण कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा तिसऱ्या पक्षाचा असतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई त्यातून मिळते. आपण स्वतःच घसरून पडलो, तर त्यातून आपल्या घरी काही येत नाही. मागे बसलेल्या माणसालाही अशा नुसत्या पॉलिसीचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. कर्नाटकात एकजण दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघाला आणि बैलगाडीवर आदळून मेला. उसनी गाडी चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो, असे त्या खटल्यात २००९ साली ठरले. आपल्याकडे भावाची, साळ्याची गाडी घेऊन जाणे नित्याचे आहे, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्यासाठी गाडी स्वतःच्या नावावर आणि लायसन चालू असावे लागते. नव्या गाडीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळतो. पण हा दुसरा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की नाही, ते आजच पॉलिसीवर पाहावे. शिवाय बँक खात्यातून वर्षाला फक्त वीस रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. अठरा ते सत्तर वयाच्या कुणालाही तो घेता येतो. गाडी कुणाचीही असो, नवऱ्याने आणि बायकोने, दोघांनीही घ्यावा. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात वीस रुपये असू द्यावेत, नाहीतर विमा तुटतो.

विमा ही श्रीमंतांची चैन आहे, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी विमा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. तथागतांनीही सिगाल या गृहस्थाला मिळकतीचा चौथा हिस्सा संकटासाठी राखायला सांगितला होता.

बहिणींनो, तुम्ही एवढे करा. पॉलिसी, आरसी बुक, लायसन आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा आणि वारस म्हणून कुणाचे नाव आहे ते वाचून घ्या. दुर्दैवाने अपघात झालाच, तर पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याची प्रत घ्या आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावा. पळून गेलेल्या गाडीने मारले असेल, तरी मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. 'गाडीच सापडली नाही' म्हणून घरी बसू नका.

आणि पाचवे शील गाडीवरही पाळायचे असते. दारू पिऊन गाडी चालवली, तर जीवही जातो आणि स्वतःच्या अपघात विम्याचा हक्कही जातो. सावधपणा हाच धम्म. घरून निघताना डब्याबरोबर हेल्मेटही हातात द्या.

जयभीम!