रेकॉर्ड झाला, फायनल हुकली!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक डायलॉग हमखास ऐकू येतो, ‘अरे, पण मी माझं बेस्ट दिलं होतं यार!’ ते खोटं नसतं, म्हणून तर जास्त लागतं. नांदूरघाट, केज, आष्टी अशा बीडच्या गावांतून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्यांना तर घरी फोनवर काय सांगायचं, हाही प्रश्न असतो. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अविनाश साबळेची केस बघावी.

साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले, हा सैन्यात. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे २८ अडथळे, वर सात वेळा पाण्यावरून उडी.

२०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यानं ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा नॅशनल रेकॉर्ड केला. आणि तरीही बाहेर! कारण हीटमध्ये तो सातवा होता. दुसऱ्या एका हीटमधले त्याच्यापेक्षा हळू धावलेले मात्र फायनलला गेले, ते तिथे पहिल्या तिनात होते ना!

पोरानं काम चोख केलं होतं, फक्त तिथे मोजत होते वेगळंच. आपल्याकडेही हेच होतं. रात्री जागून देखणं प्रेझेंटेशन बनवायचं आणि क्लायंटला हवा असतो एका पानाचा हिशेब. मग आपण ‘माझं काय चुकलं?’ म्हणत कुढत बसतो. ‘निवड कशावर होणार होती?’ हे बॉसला विचारायला कोण जातो? (बॉसलाही ते माहीत नसतं कधीकधी, ते सोडा.)

एका फटक्यात शहाणपण येतं असंही नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये साबळेचं गोल्ड ०.०५ सेकंदानं गेलं. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला प्रत्येक हीटमधून पहिले पाच घेणार होते, वेळेची सवलत नाही. तिथे तो पुन्हा सातवा! पण दीड महिन्याच्या आत हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड.

मग २०२४, पॅरिस. नियम तोच, पहिले पाच. साबळेचा रेकॉर्ड तोवर ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांवर आला होता. हीटमध्ये त्यानं घेतली ८ मिनिटं १५.४३ सेकंद, म्हणजे स्वतःच्या बेस्टपेक्षा साडेपाच सेकंद जास्त. नंबर पाचवा.

ऑलिम्पिक स्टीपलचेसची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. फायनलमध्ये आला अकरावा.