सुपावरच्या मायलेकी

बोरगाव-निपाणी भागात दुपारी कुठल्याही गल्लीतून जा, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मजुरी हजारी. हजार पुरे व्हायला दिवस जातो, म्हणून शाळेतून आलेली लेक दप्तर टाकून आईजवळ बसते. नोंद मात्र आईच्याच नावावर. चार हात राबतात, मोजले जातात दोन. हजारीचा दर टिकतो तो या बिनमोजणीच्या हातांवर, आणि लेकीचा अभ्यास बुडतो तोही तिथेच.

आपल्या भागाला हे नवे नाही. १९८१ चे शेतकऱ्यांचे तंबाखू आंदोलन सगळ्यांना आठवते. त्याच काळात वखारीतल्या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या, त्याची आठवण कमी निघते. दीपा धनराज यांच्या युगांतर गटाने त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान ते चेहरे तरी राहिले.

आता चर्चा पैशांची. गृहलक्ष्मीचे महिना २००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून. पलीकडे महाराष्ट्रात २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५००. सीमेवरच्या नात्यागोत्यात याची तुलना रोज चालते. पैसे हवेतच, त्याने किराण्याची उधारी फिटते. पण मला जून २०२३ ची शक्ती योजना जास्त मोलाची वाटते. दहावीनंतर मुलीला घरी बसवताना पहिले कारण बसभाड्याचे सांगितले जायचे, ते आता सांगता येत नाही. निपाणीला कॉलेजात जाता येते. संध्याकाळचे सूप मात्र तसेच आहे.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे लक्ष जात नाही. १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी आला, त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये विडीवरचा उपकर गेला, आता भार अंदाजपत्रकावर. शिष्यवृत्तीसाठी आईचे कामगार ओळखपत्र लागते. ठेकेदाराकडून पान-जर्दा आणून नोंदीविना काम करणाऱ्या आईकडे ते नसते. म्हणजे जिला सर्वात गरज, तिचीच लेक वगळली जाते.

अर्ज भरायचे दिवस येण्याआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वही घेऊन गल्लीगल्लीत फिरावे. किती घरांत सूप आहे आणि त्यांतल्या किती घरांत ओळखपत्र, एवढे दोनच आकडे लिहून आणावेत.