आधी कारण सापडू द्या, मग दाढ काढा

दाढेत काहीच बिघाड नसताना केवळ दुखते म्हणून ती उपटायची, ही पद्धत थांबली पाहिजे. मी दंतवैद्य आहे, तरी हे म्हणते. साठीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा दुसरीकडे आधीच काढलेल्या, आता बोट तिसरीवर. ‘‘हीसुद्धा काढा बाई, पण कळ थांबवा.’’ एक्स-रेत दाढ ठणठणीत. चूळ भरताना, भाकरीचा घास चावताना शॉक बसल्यासारखी सणक यायची आणि काही सेकंदांत जायची. रात्री झोप लागायची. आतपर्यंत किडलेली दाढ तर आडवं पडलं की जास्तच ठणकते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचे तीन फाटे असतात. सगळ्यात खालच्या फाट्याची एक शाखा बारीक धमनीला सोबत घेऊन जबड्याच्या हाडात शिरते, दाढांच्या मुळांशी तंतू सोडत पुढे जाते आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात पसरते. म्हणूनच खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं की ओठ बधिर होतो. मावशींसारख्यांच्या दुखण्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा कवटीच्या आत असतं. ही नस मेंदूला जोडलेली असते तिथेच एखादी धमनी तिच्यावर टेकते, ठोक्या-ठोक्याला दाबते, नसेचं आवरण झिजतं. मग गालाला लागलेला वाराही कळ होऊन पोचतो, आणि बोट जातं दाढेवर.

खरा चकवा पुढे आहे. बधिर करण्याच्या इंजेक्शनने ही कळही तेवढ्यापुरती थांबते, कारण तिला चाळवणारी जागाच बधिर झालेली असते. पेशंटची खात्री पटते, डॉक्टरचीही. दाढ जाते आणि कळ परत येते.

या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. 1962 पासून वापरात असलेलं कार्बामाझेपिन बहुतेकांना आराम देतं; मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासतच घ्यायचं. औषध पुरलं नाही तर धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रियाही आहे.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना आग्रहाने सांगते, एक्स-रेत आणि तपासणीत कारण दिसत नसेल तर चिमटा खाली ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहा. पेशंटनेही खुर्चीत बसल्यावर बेधडक विचारावं, ‘‘या दाढेला नेमकं झालंय काय, ते मला फोटोत दाखवा.’’