जुनी गाडी, सुटे भाग आणि ‘मूळ स्वरूपा’चा पेच

खास प्रतिनिधी

मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाहिन्यांवरून आठवणींचा पूर लोटला. काळ्या-पिवळ्या रंगाची, स्टिअरिंगलगत गिअर असलेली, टपावर सामान बांधून दादर-बोरीबंदर करणारी टॅक्सी पुन्हा दिसणार नाही, याची हळहळ सर्वांनाच होती. मात्र या घटनेचा एक परिणाम त्या गदारोळात बाजूलाच राहिला. बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात आजोबांची फियाट पुन्हा उभी करू पाहणाऱ्या हौशी मंडळींच्या सुट्या भागांचा सर्वांत मोठा झरा त्या दिवशी आटला.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली. पुढे हीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले. कारखाना बंद पडला की गाडीचे आयुष्य तीन गोष्टींवर तगते. दुकानदारांकडे पडून राहिलेला जुना कोरा माल, छोट्या कारखानदारांनी काढलेल्या नकला आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग. पहिला साठा संपत जातो. दुसऱ्याच्या दर्जाची खात्री नसते. राहतो तिसरा, आणि तो मुंबईत टॅक्सीमुळे मुबलक होता. राज्य सरकारने २००८ मध्ये टॅक्सीचे कमाल वय पंचवीस वर्षे आणि २०१३ मध्ये वीस वर्षे ठरविले, तेव्हा प्रत्येक वेळी टॅक्सींची एक तुकडी भंगारात गेली. दारे, बॉनेट, गिअरबॉक्स, मागचे अॅक्सल असा माल कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील आणि ग्रँट रोडच्या चोरबाजारातील दुकानांत येत राहिला. टॅक्सीवाल्याच्या पोटावर आलेला निर्णय खासगी गाडीच्या हौशी मालकाच्या पथ्यावर पडला, हे बोचणारे असले तरी खरे आहे.

इंजिन सोपे, पत्रा कठीण

जुनी गाडी घरी दुरुस्त करायची म्हटले की नवख्याचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. वस्तुतः पद्मिनीचे पेट्रोल इंजिन हा तिचा सर्वांत सोपा भाग आहे. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे हे इंजिन आडगावच्या मेकॅनिकलाही उलगडते. सिलिंडर झिजले तर लेथवाल्याकडून बोअर करून घ्यायचे, मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा बसवायच्या, व्हॉल्व्ह घासायचे, क्रँक ग्राइंड करायचा. या कामाचे जाणकार आजही शहराशहरांत आहेत. मूळ भाग मिळाला नाही तरी त्याबरहुकूम घडविता येतो.

पत्र्याचे तसे नाही. या गाडीला वेगळी, सुटी चासी नाही. संपूर्ण ढाचा हीच चासी. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दाराखालची पोकळ पट्टी, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ गंजला की केवळ सौंदर्य जात नाही, तर गाडीचा कणाच कमजोर होतो. मुंबईच्या चार पावसाळ्यांत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हा धोका हमखास असतो. रंगाखाली पुट्टीचे थर देऊन तो झाकला जातो आणि विकत घेणाऱ्याला सहा महिन्यांनी कळतो. बंद इंजिनाची पण धड पत्र्याची गाडी घ्यावी, चालत्या इंजिनाची पण सडक्या पत्र्याची घेऊ नये, असे या छंदातील अनुभवी सांगतात ते याच कारणाने. काचा, जाळी, दिव्यांच्या कड्या, दाराच्या मुठी, गिअरच्या दांडीची जोडणी या वस्तू लेथवर सहजी होत नाहीत. त्या दुसऱ्या गाडीवरूनच काढाव्या लागतात. म्हणूनच अनेक जण भागांसाठी दुसरी एक आख्खी गाडी विकत घेतात आणि दोहोंची मिळून एक करतात.

नेमका येथेच घरगुती छंदाचा संबंध कायद्याशी येतो.

पन्नाशीची अट

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. मोटारींच्या इतिहासकारांच्या काटेकोर भाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातील गाड्या. आपल्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी असा तिचा सरळ अर्थ आहे. अशा वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये पडतात. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी गाडी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणण्याची मुभा आहे.

इथवर तक्रारीला जागा नाही. अडचण आहे ती पुढच्या अटीत. वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्यात चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातील बदलासह कोणतीही ‘मोठी फेरदुरुस्ती’ झालेली नसावी, असे नियम सांगतो. पन्नास वर्षे जुन्या गाडीत मोठी दुरुस्ती झालेली नसणे ही जवळजवळ अशक्यप्राय गोष्ट आहे. सडलेला तळ कापून त्याच मापाचा नवा पत्रा वेल्ड केला, तर तो बॉडी शेलमधील बदल की दुरुस्ती? मोडीत काढलेल्या गाडीचे त्याच जातीचे इंजिन बसविले, तर क्रमांक बदलला म्हणून मूळ स्वरूप गेले काय? नियमात याचा खुलासा नाही. निर्णय राज्यस्तरीय समितीवर सोपविलेला आहे. समितीत जाणकार असतील तर प्रश्न सुटेल, नसतील तर कागदावर बोट ठेवून अर्ज फेटाळला जाईल.

‘मूळ स्वरूप’ ही कल्पनाही वाटते तितकी भक्कम नाही. पद्मिनीच्या दीर्घ कारकिर्दीत कारखान्यानेच तिच्यात बदल केले. डिझेलचे १३७ डी हे इंजिन आले. अखेरच्या एस-१ या आवृत्तीत स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन जमिनीवरचा गिअर आला. मग १९७५ च्या गाडीत कोणी एस-१ चा गिअरबॉक्स बसविला, तर त्याला विद्रूपीकरण म्हणायचे की त्याच घराण्यातील उसनवारी? छंदिष्टांमध्येही यावर एकमत नाही, आणि ते होण्याची चिन्हे नाहीत.

त्याहून गंभीर प्रश्न वयाचा आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने तीस वर्षे ही किमान मर्यादा मानली आहे. जर्मनीतही तीस वर्षांनंतर गाडीला ऐतिहासिक वाहनाचा खास क्रमांक मिळू शकतो. आपल्याकडे पन्नाशी गाठेपर्यंत गाडी जुनी आहे, पण वारसा नाही. खासगी वाहनाला वीस वर्षांनंतर तंदुरुस्तीच्या कसोटीला लावून, नापास झाल्यास मोडीत काढावे, ही २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणाची दिशा. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० वरून पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. १९९० च्या दशकातली पद्मिनी, कॉन्टेसा किंवा ११८ एनई घरी जपणाऱ्याला म्हणूनच एकाच वेळी वाढते शुल्क भरायचे आहे, दर पाच वर्षांनी कसोटीला उतरायचे आहे, आणि व्हिंटेजची सवलत मात्र मिळवायची नाही.

फेरबदल कुठवर?

जुनी गाडी आपल्या मनासारखी सजविणाऱ्यांची वाट याहून निसरडी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

गाडी रुंद चाकांवर उभी करून, सायलेन्सर काढून रात्री वस्तीत गुरगुरत नेणाऱ्यांना चाप बसला तर कोणी अश्रू ढाळणार नाही. परंतु डायनामोऐवजी अल्टरनेटर, सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या आसनांना पट्टे असे बदल गाडी सुरक्षित करतात आणि हवे तेव्हा काढूनही टाकता येतात. ढाचा कापून दुसऱ्या जातीचे इंजिन बसविणे ही निराळीच गोष्ट. या दोहोंत फरक करणारी सोपी यादी परिवहन खात्याने प्रसिद्ध केली तर मालकांचे आणि निरीक्षकांचेही काम हलके होईल. गंमत अशी की जुन्या मोटारीचे पेट्रोल इंजिन काढून तिला बॅटरीवर चालविण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे. त्यासाठी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या चाचणी संस्थेने मान्यता दिलेले किट आणि परिवहन कार्यालयाची नोंद एवढे पुरते. मात्र तसे केल्यावर ‘व्हीए’ क्रमांकाची आशा ठेवणे व्यर्थ.

वजनाचा हिशेब

सुट्या भागांच्या बाजाराकडे सरकार संशयाने पाहते, याला कारणे आहेत. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापण्यासाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो. पावतीविना गिअरबॉक्स घेणाऱ्या हौशी माणसाला हे क्वचितच ठाऊक असते. क्रमांक खोडलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी त्याच्या वाटेला न जाणे शहाणपणाचे.

परंतु चोरबाजाराला पर्याय म्हणून उभी राहिलेली अधिकृत व्यवस्था भाग वाचविण्यासाठी रचलेलीच नाही. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडतोड केंद्रे सुरू झाली. तेथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र दाखविल्यास नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनी मोटार उत्पादकांवर जुन्या वाहनांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली, आणि तिचे उद्दिष्ट मोजले जाते ते पोलादाच्या वजनात. वजन हाच हिशेब असेल तर पद्मिनीचे धड दार आणि सडलेला मडगार्ड यांची किंमत सारखीच. दोन्ही भट्टीत जातात. वापरण्याजोगे भाग मूळ गाडीच्या क्रमांकासह, पावती देऊन विकण्याची सक्ती या केंद्रांना केली, तर चोरीच्या बाजाराची गरज बरीच कमी होईल. पर्यावरणाच्या दृष्टीनेही वितळवून पुन्हा घडविलेल्या दारापेक्षा आहे ते दार वापरणे केव्हाही स्वस्त पडते.

भागांच्या टंचाईत इंधनाची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सरसकट विकले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीला त्यामुळे आतून गंज धरतो, तर जुन्या जातीचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरमधील डायफ्राम आणि गॅस्केटे त्याच्या संपर्काने फुगतात वा भेगाळतात. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केटे बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले, मात्र हा खर्च किरकोळ असल्याचेही सांगितले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. रोज धावणाऱ्या गाडीचा खर्च खरोखरच किरकोळ असेल. महिन्यातून एका रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र इंधनाचे सर्व पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत आणि गाडी दीर्घ काळ उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करावी, हे बरे. पुढच्या हंगामात टाकीच शोधत फिरण्यापेक्षा हे सोपे आहे, कारण टाकी देणारी टॅक्सी आता उरलेली नाही.

पद्मिनी या नावाने १९७४ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. ‘मोठी फेरदुरुस्ती’ म्हणजे काय, हा प्रश्न आता राज्याच्या समितीपुढे पडलेल्या तळपत्र्यांच्या आणि बदललेल्या इंजिनांच्या रूपाने येईल. २००१ मध्ये नोंदलेल्या गाडीला मात्र त्या समितीपुढे उभे राहण्यासाठी २०५१ उजाडावे लागेल. तोवर तिला नूतनीकरणाच्या खिडकीवर आणखी किमान पाच वेळा जावे लागेल.