भुयारातील फासे

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे तुम्हांला घरी आणि शाळेतही ऐकावे लागत असेल. पुष्कळ खेळांच्या बाबतीत ते मला मान्य आहे. पण सगळे खेळ एकाच मापाने मोजणे हे काही शास्त्रीय वृत्तीचे लक्षण नव्हे.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत सांताक्रूझ येथे मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. (नावाने दचकू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, भामटा.) पडद्यावर चित्र एकही नाही. रेघा-टिंबांच्या खोल्या, इंग्रजीतील २६ मोठी अक्षरे म्हणजे २६ प्रकारचे राक्षस, आणि भुयारात २६ मजले खाली उतरून एक ताईत वर आणायचा. तुम्ही कळ दाबल्याखेरीज राक्षस जागचा हलत नाही. विचाराला हवा तेवढा वेळ. मात्र मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी भुयारही नवे!

आपल्याकडील मोक्षपट, म्हणजे सापशिडी, आठवा. आमच्या नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांचे धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांच्याकडे परंपरेने त्याचे जनकत्व दिले जाते. तेथे दान पडले की सोंगटीचे भवितव्य ठरले. ‘रोग’मध्ये दान परिस्थिती ठरवते, चाल तुम्ही ठरवता. अवकाळी पाऊस द्राक्षबागाईतदाराच्या हाती नसतो, छाटणी केव्हा करायची ते असते, तसेच हे.

पण दरवेळी नवे भुयार खोदतो कोण? संगणकाला तर फासा टाकता येत नाही! तो करतो निव्वळ गणित. कोणतीही एक संख्या घ्या, समजा ७. तिला ५ने गुणा, ३ मिळवा, १६ने भागा आणि बाकी ठेवा. बाकी ६. तिच्यावर हीच क्रिया करा : १, मग ८, ११, १०, ५, १२... रीत ठाऊक नसणाऱ्याला हे आकडे स्वैर वाटतील. प्रत्यक्षात १६ पायऱ्यांनी पुन्हा ७ येतो. खऱ्या संगणकात संख्या प्रचंड मोठ्या असतात, एवढेच.

गुणाकार-भागाकाराचे एवढे जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात मला तरी आढळले नाही. संगणकाच्या तासाला यंत्राच्या भागांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा शिक्षकांनी चौकटीच्या वहीवर मुलांकडून असे भुयार आखून घ्यावे. संगणक नसला तरी चालेल. संख्या सम आली तर दार, विषम आली तर भिंत.

हे करून पाहाल तेव्हा वर्गातील एखादी चौकस मुलगी नक्की तक्रार करील : दार, भिंत, दार, भिंत, असे ओळीने येते! तिचे बरोबर आहे. या रीतीत सम व विषम संख्या आळीपाळीनेच येतात. मग सम-विषम सोडा आणि संख्या ८पेक्षा लहान आहे की नाही, ते पाहून दार ठेवा.