कसं चालतं हे? : उजेडाची पटाशी

दोस्तांनो, दारावर लावायच्या लाकडी पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. फिकट लाकडावर तपकिरी-काळी अक्षरं, कडेनं वेलबुट्टी, एखाद्या कोपऱ्यात मोर. अक्षरांवरून बोट फिरवलंत तर ती जराशी खोलगट लागतात. नखानं खरवडलंत तरी रंग सुटत नाही, कारण तो रंग नसतोच! तेवढ्या जागी लाकूड भाजलेलं असतं. ना पटाशी, ना तापलेली सळई, नुसत्या उजेडानं भाजलेलं. हे काम लेझरचं. ते चालतं कसं, ते आज पाहू या.

सुरुवात आपल्या ओळखीच्या भिंगापासून करू. भिंगानं ऊन एकवटून कागद जाळायचा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. दहा सेंटिमीटर रुंदीचं मोठं भिंग भर दुपारी धरलं, तर त्यातून सुमारे ७ वॅट इतका उजेड जातो. आता गंमत पाहा. छोट्या यंत्रांना लावायच्या लेझरमधून बऱ्याचदा ५ वॅटच उजेड बाहेर पडतो, म्हणजे भिंगापेक्षाही कमी! तरी भिंगाखालचं लाकूड धुरकटायला वेळ लागतो आणि लेझर मात्र भराभर अक्षरं उमटवत जातो. असं का बरं?

उत्तर आहे ठिपक्यात. भिंगाखाली दिसणारा तेजस्वी ठिपका म्हणजे सूर्याचं चिमुकलं चित्रच असतं. सूर्य आकाशात एखाद्या टिंबासारखा नसून गोल थाळीसारखा दिसतो, म्हणून त्याचं चित्रही थाळीसारखंच पडतं. भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल, तर ते चित्र जवळजवळ २ मिलिमीटर रुंद होतं. कितीही नीट धरा, त्याहून लहान होत नाही. लेझरचे किरण मात्र शिस्तीत एका दिशेनं निघतात. त्यांचा ठिपका ०.१ मिलिमीटरच्या आसपास आणता येतो. म्हणजे रुंदी वीसपट कमी आणि क्षेत्रफळ? वीस गुणिले वीस, चारशेपट कमी! जवळपास तेवढीच उष्णता चारशेपट लहान जागेत कोंबली, तर त्या जागेचं काय होणार, तुम्हीच सांगा.

पहिला लेझर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. त्यात माणकाची कांडी वापरली होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार झाला. तो कुणी केला, ठाऊक आहे? कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या बारामतीतला, आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं! लाकूड आणि अॅक्रिलिक कापणाऱ्या मोठ्या यंत्रांत आजही या जातीचा लेझर वापरतात. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. छोट्या यंत्रांवर बसतो तो निळ्या उजेडाचा, डायोडचा लेझर.

आता हा ठिपका अक्षराच्या वळणानं फिरवायचा कसा? इथं सीएनसी यंत्र मदतीला येतं. सीएनसी म्हणजे संगणकानं दिलेल्या आकड्यांबरहुकूम चालणारं यंत्र. त्यातलं मूळ हत्यार म्हणजे गरगर फिरणारं कटर. तीन मोटारी ते कटर डावं-उजवं, पुढं-मागं आणि वर-खाली सरकवतात. बाजारात ‘३०१८’ नावानं मिळणारं छोटं यंत्र ३० बाय १८ सेंटिमीटर जागेत काम करतं. त्याचं कटर काढून तिथं लेझरची डबी बसवली, की कोरणारं यंत्र झालं भाजणारं यंत्र! कटर लाकडाला ढकलतं, लेझर त्याला शिवतसुद्धा नाही. त्यामुळे पातळ, नाजूक फळीवरही काम करता येतं. वर-खाली करणारी मोटार इथं दुसऱ्या कामाला येते. डबी कमी-जास्त उंचीवर नेऊन ठिपका सर्वांत बारीक कुठं होतो, ते तिच्या मदतीनं ठरवतात.

संगणक यंत्राला एकेका ओळीत हुकूम सोडतो. नमुना पाहा: ‘जी१ एक्स५० एफ१००० एस४००’. दिसायला गुप्त लिपी, पण अर्थ सोपा. सरळ रेषेत ५० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत जा, वेग मिनिटाला १००० मिलिमीटर ठेव आणि लेझरची ताकद हजारात चारशे, म्हणजे ४० टक्के ठेव.

सगळी खुबी वेग आणि ताकद यांच्या जोडीत आहे. आई किंवा बाबा इस्त्री करताना पाहता ना? इस्त्री फिरत असते तोवर कपडा नीट राहतो, एका जागी थांबली की डाग पडलाच. लेझरचंही तसंच. हळू चालवला की रेघ गडद आणि खोल, वेगात चालवला की फिकट. म्हणूनच अक्षराच्या कोपऱ्यांवर एक अडचण येते. वळताना यंत्राचा वेग कमी होतो, आणि तिथं काळे ठिपके पडतात. त्यावर उपायही आहे. बऱ्याच छोट्या यंत्रांत ‘जीआरबीएल’ नावाचा प्रोग्रॅम चालतो. त्यात ‘एम४’ हा हुकूम दिला, की वेग जितका कमी होईल तितकी लेझरची ताकदही आपोआप कमी होते.

फोटो उमटवायचा असेल तर यंत्र ओळीमागून ओळ भाजत जातं, शेत नांगरावं तसं. १० सेंटिमीटर लांब-रुंद फोटो घ्या. दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर ठेवलं, तर हजार ओळी झाल्या. प्रत्येक ओळ १०० मिलिमीटरची, म्हणजे एकूण चाल झाली १०० मीटर! मिनिटाला १००० मिलिमीटर वेगानं त्याला १०० मिनिटं लागणार. वळण्याचा वेळ वेगळाच.

लाकूड मात्र पारखून घ्यावं लागतं. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास लाकडातले घटक मोडू लागतात, वायू उडून जातात आणि मागं राहतो काळपट कोळसा. तोच आपल्या अक्षरांचा रंग. लाकूड सगळीकडे सारखं नसतं. पाइनच्या फळीवर मऊ आणि कठीण असे पट्टे एकाआड एक असतात. मऊ पट्टा लवकर जळतो, कठीण पट्टा दाद देत नाही. मग चेहऱ्याच्या चित्रावर पट्टे उमटतात! म्हणून फिकट रंगाचं आणि एकसारख्या पोताचं लाकूड उत्तम. खऱ्या कामाआधी त्याच फळीच्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेगाच्या आणि ताकदीच्या चौकटी भाजून पाहायच्या, मगच काम सुरू करायचं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ही आई-बाबांनाही वाचून दाखवा.

भिंग किरण एकवटतं, हे आपण पाहिलं. आपल्या डोळ्यातही भिंग असतं! समोरचा उजेड मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर एकवटायचा, हेच तर त्याचं काम. निळा लेझर बाहुलीतून सरळ आत शिरतो आणि डोळ्यातलं भिंग त्याला आणखी बारीक करून दृष्टिपटलावर टेकवतं. आपण पापणी मिटायला पाव सेकंद घेतो. जळायला त्याहून कमी वेळ पुरतो. जळलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. लाकडी पाटी बिघडली तर दुसरी आणता येते, डोळ्याचं तसं नसतं.

सीएनसी यंत्राला लेझर जोडतो तेव्हा हा धोका वाढतो, कारण ही छोटी यंत्रं बहुतेक उघडी असतात. फळी दाबून धरणाऱ्या धातूच्या चकचकीत पट्ट्यांवरून किरण उसळून भलतीकडे जाऊ शकतो. साधा गॉगल इथं कामाचा नाही. ज्या रंगाचा लेझर, त्याच रंगासाठी बनवलेला चष्मा हवा. त्यावर किती नॅनोमीटरच्या उजेडासाठी आहे, ते छापलेलं असतं. निळ्या लेझरसाठी ४५० च्या आसपासचा आकडा पाहा. शेजारी ‘ओडी ४’ असेल, तर तो उजेडाचा दहा हजारावा भागच आत येऊ देतो. चष्मा खोलीतल्या प्रत्येकानं घालायचा, नुसतं बघायला आलेल्या धाकट्या बहिणीनंसुद्धा. सगळ्यांत बरं म्हणजे यंत्राला झाकण असलेली पेटी.

आणखी तीन गोष्टी. आधी कटर चालवलं असेल तर भुसा पूर्ण झाडून घ्या, तो पटकन पेट घेतो. धूर पंख्यानं घराबाहेर काढा. प्लायवूड आणि एमडीएफमधल्या डिंकाचा धूर विषारी असतो. पीव्हीसी आणि बहुतेक रेक्झिन तर लेझरखाली कधीच ठेवू नका, त्यातून आम्लाचा वायू निघतो. तिसरी गोष्ट, यंत्र चालू असताना खोली सोडून जायचं नाही. मधेच यंत्र अडलं आणि लेझर चालूच राहिला, तर इस्त्री थांबल्यासारखंच होणार. मोठं माणूस शेजारी हवंच.

आई-बाबांसाठी एक सूचना. जाहिरातीतला मोठा वॅटचा आकडा पुष्कळदा यंत्र किती वीज खातं, त्याचा असतो. ‘उजेड किती वॅटचा निघतो?’ असा प्रश्न दुकानदाराला विचारा. आणि चष्म्याचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरा.

करून पाहा : मोठ्या माणसाला बरोबर घ्या, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि उन्हात भिंगानं फळीच्या तुकड्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर भाजा. काळा गॉगल घाला, तरीही ठिपक्याकडे टक लावून पाहू नका. भिंगातून सूर्याकडे तर कधीच पाहायचं नाही! हात हळू आणि भरभर चालवून रेघेत काय फरक पडतो, तो वहीत टिपून ठेवा.

डोकं चालवा : वरचाच फोटो ५ सेंटिमीटर लांब-रुंद केला, वेग आणि ओळींमधलं अंतर तेच ठेवलं, तर किती मिनिटं लागतील? ‘निम्मी’ असं घाईनं म्हणू नका हं!

(उत्तर : २५ मिनिटं. ओळी निम्म्या झाल्या आणि प्रत्येक ओळीची लांबीही निम्मी झाली.)