श्रावण सुटला की परत क्वार्टर?

आपल्या भालकी, औराद, आळंद भागात वर्षभर पिणारा गडीबी श्रावणात दारूला शिवत नाही. देवासाठी पाळतो, चांगलंच आहे. पण त्या महिन्यात अंगाला काय फायदा होतो, हे कुणी बघत नाही.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते तपासलं. नेहमी पिणाऱ्या ९४ जणांनी महिनाभर दारू बंद ठेवली. २०१८ साली निकाल छापून आला. रक्तदाब उतरला, वजन थोडं घटलं, साखर पेलायची शरीराची ताकद सुधारली.

आता आपल्या धंद्याचं बघा. एका क्वार्टरमध्ये चारशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरींएवढ्या, पण भाकरीचं बळ त्यात नाही. पिल्यावर झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. पहाटे जाळं काढायला जाणाऱ्याला तर तीच झोप पाहिजे. लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी जातं, सकाळी तोंड कोरडं, डोकं जड. होडीत उभं राहून जाळं ओढायला तोल लागतो, अन् दारूत आधी तोलच जातो. पोहता येतंय म्हणून काय झालं? कारंजा धरणात पडल्यावर शुद्ध पाहिजे की नाही? पिल्यानं गरम वाटतं, पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

माझं म्हणणं होडीमालकांना आहे. श्रावण संपला, चांगला माल लागला, की खुशीनं क्वार्टर कोण देतं? आपणच. तेवढे पैसे रोख द्या, नाहीतर साठवून होडीत लाइफ जॅकेट घ्या. "दारूशिवाय गडी येत नाहीत" हे मला पटत नाही. श्रावणात येतातच की! आणि अमावास्येला, श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, महिन्याचा कोटा एका रात्रीत पुरा करायचा, ह्याला पाळणं म्हणायचं का?

एक मात्र ध्यानात ठेवा. जो रोज सकाळपासून पितो, नाही मिळाली तर ज्याचे हात थरथरतात, त्यानं आपल्या मनानं एकदम सोडू नये. फिट येते, जिवावर बेतू शकतं. घरच्यांनी त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्यावं, डॉक्टरच्या गोळ्यांवर सोडवावं. दवाखाना लांब असला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. फोन फुकट आहे, रात्रीबी लागतो.